बकुळाकाकूंची जागा

धाकट्या डहाणूच्या खाडीवर धोंडूकाका आपल्या जुन्या, फायबरच्या, शिडाच्या होडीशी दिवसभर बोलायचे. आवाज असा, जसा ओला दोर कप्पीतून करकरत यावा. होडी गळत होती आणि मुलगा प्रितेश बजावून गेला होता, "बाबा, नारळी पुनवेला ती कोरडी तरंगली नाही, तर मी विकणार."

काठावर टेकूंवर ठेवलेल्या होडीत काका पाणी ओतायचे. खाली ठिबकण्याचा आवाज आला की उतरून भेग शोधायला जायचे, तोवर ठिबकणं बंद. ती भेग माणसाच्या वजनानंच उघडायची, एरवी दिसतही नसे.

"मी चढलो की रडतेस, उतरलो की गप. नाटकी."

पूर्वी वर बकुळाकाकू बसायच्या आणि काका खालून कोळशानं खूण करायचे. काकू जाऊन दोन पावसाळे झाले होते.

बोंबील वाळत घालताना शेजारच्या नूतनवहिनी म्हणाल्या, "मी बसू का वर?"

"तुझं वजन ते किती? सुकलेला बोंबील तू."

"मग बसा एकटेच."

काका खरंच एकटे बसून राहिले, पार उन्हं उतरेपर्यंत.

शेवटी त्यांनी वाळूची गोण काकूंच्या जागी ठेवली, तेव्हा भेग ठिबकली. खूण करून, पाणी काढून, सुकल्यावर त्यांनी तिथं रेझिनचं ठिगळ बसवलं.

पुनवेला होडी कोरडी तरंगली.

"काका, गोण उतरवा की आता," वहिनींनी काठावरून हाक दिली.

"राहू दे," काका शीड उभारत म्हणाले. "ही नसली की होडी एका अंगाला कलते."