बाबुसो मेस्त आणि दक्षिणेची भिंत

बाबुसो मेस्त गेल्याचं मला तुये गावच्या बाजारात कळलं, तेही बाराव्यानंतर. तीन आठवडे हे लिहायचं टाळत होतो... आता थकलो.

डिचोलीजवळच्या डोंगरउतारावर माझे मित्र विनायकराव यांनी स्वतःच्या आराखड्याने घर बांधलं. गवंडी बाबुसो, आणि मी निवृत्त ओव्हरसियर म्हणून देखरेख माझी. विनायकरावांच्या पत्नीचे, सुलभावहिनींचे, सांधे थंडीत धरायचे. म्हणून त्यांच्या खोलीला दक्षिणेकडे जमिनीपर्यंतच्या दोन खिडक्या आखल्या होत्या. हिवाळ्यातलं कललेलं ऊन आत यावं, आतली जाड चिऱ्याची भिंत तापावी आणि संध्याकाळनंतर तिनेच ऊब द्यावी. छपरावर पाणी तापवायचं सौर पॅनेलही होतं; उन्हावर तापलेलं पाणी पंपाशिवाय फिरायचं तर टाकी पॅनेलच्या वर हवी. ती पातळी बाबुसोने साध्या पाण्याच्या नळीने धरली, आजवर तक्रार नाही.

खिडक्यांचा घोळ मात्र मी केला. विनायकराव महिनाभर मुलीकडे गेले होते. माझ्या थोरल्या भावाचं घर दक्षिणेला तोंड करून होतं आणि तो तिशीत गेला. दाराएवढ्या त्या मोकळ्या जागा बघून मला राहवेना. बुजव म्हटलं. बाबुसोने विडी विझवली.

"बुजयतां सायबा. पूण विनायकबाबाक विचारलां मरे?"

"विचारलंय," मी म्हणालो.

विनायकराव परतले, संतापले. मेस्ताने आराखडा चुकीचा वाचला, असं मी सांगून टाकलं. वर स्लॅब टाकून झालाय, आता भिंत फोडली तर घर बसेल, हेही मीच सांगितलं. बाबुसो तिथेच उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, थापी धुतली आणि निघून गेला. त्या गावात त्याला पुन्हा कुणी काम दिलं नाही. जत्रेत भेटला की मात्र मलाच विचारायचा, "वयनीचे सांदे कशे आसात?" बरे आहेत, म्हणायचो. बरे नव्हते.

परवा विनायकरावांना सगळं सांगितलं. 

"देवळात तो समोर आला की मी तोंड फिरवायचो," ते म्हणाले. "आणि हे तुम्ही आता सांगताय?"

काल त्यांनी त्या भिंतीचा गिलावा काढायला घेतला. मला बोलावलं नव्हतं, तरी गेलो. आत दोन्ही खिडक्यांच्या माथ्यावर काँक्रीटचे आडवे लिंटल होते, वरचा भार पेलून. बाबुसोने ते न सांगता टाकले होते. त्यांच्याखालचे चिरे सिमेंटमध्ये नव्हे, नुसत्या मातीत बसवलेले... पहिला चिरा विनायकरावांनी हातानेच सोडवला.