कुल्फीतली कचकच

नोकरीत किस्से साठतात म्हणतात. आमच्या लॅबमध्ये नुसती भीती साठते, आणि चहाला बसलं की तिचेच किस्से होतात.

पुण्यात बिबवेवाडीला आमची लॅब. बर्फाळ समुद्रातल्या काही माशांच्या रक्तात एक प्रथिन असतं. ते बर्फाच्या कणांना चिकटून बसतं आणि त्यांना वाढू देत नाही. पेशी गोठवताना आम्ही ते घालून बघतो. नाही तर वितळवताना बारीक कणांचे मोठे होतात आणि पेशी फाटतात. आमच्या जोशीमॅडम नव्या माणसाला एवढंच सांगतात, "गोठवणं कुणालाही जमतं. परत आणून दाखवा."

*

नव्याने आलेल्या ऋचाने पहिल्यांदा फाटलेल्या पेशी मायक्रोस्कोपखाली पाहिल्या आणि पांढरीफटक पडली. मी म्हटलं, "अगं, बकरीच्या आहेत."

तेव्हा तिने सांगितलं. तिच्या कॅन्सरच्या उपचारांआधी तिचा आणि नवऱ्याचा, समीरचा, भ्रूण एका हॉस्पिटलात गोठवून ठेवला होता. एकच. आणि त्यात हे प्रथिन नव्हतं.

*

आमच्यात रीत आहे, ज्याने गोठवलं त्यानेच वितळल्यावर आधी बघायचं. ऋचाची पाळी आली की ती भिंतीकडे तोंड करून उभी. "तू बघ ना. आणि वाईट असलं तर लगेच सांगू नकोस."

*

गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की तिचा हॉस्पिटलला फोन. भ्रूण ठेवतात त्या द्रव नायट्रोजनच्या टाकीला लाइट लागत नाही, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक. तरी, "अहो, नायट्रोजन भरलाय ना?"

पलीकडच्या बाई शांतपणे म्हणायच्या, "भरलाय. मागच्या गुरुवारीही होता."

*

मॅडमच्या वाढदिवसाला कुल्फी आणली. ऋचाने एक घास घेतला आणि काडी खाली ठेवली. "कचकच लागतेय. वितळून परत गोठलीय. कण मोठे झालेत." मग आमच्याही घशाखाली उतरेना.

*

ऋचाचा भ्रूण वितळवायच्या दिवशी कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. दुपारी समीरचा मेसेज आला, "जगलाय. आत ठेवला."

मॅडम म्हणाल्या, "अजून रुजायचाय. हसू नका." कोण हसतंय? मी तोच मेसेज परत वाचला.

*

त्यानंतर ऋचा रजेवर. तिला फोन करायची कुणाची छाती होईना.

मग एका सकाळी ती कुल्फी घेऊन दारात. काय विचारायचं? आम्ही एकेक काडी उचलली. पहिल्याच घासाला दाताखाली कचकच. मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी ऋचाकडे.

ऋचाने आपली कुल्फी संपवली, काडी चाटली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हाला नको असेल तर द्या इकडे. आता दोघांचं खातेय."