ट्रेलरवाल्याच्या चपला

आम्ही नवरा-बायको पुनावळ्याहून गाडीने खेडला निघालो होतो, हुतात्म्याचं जन्मस्थळ बघायला. चाकणला चहाला थांबलो, तिथे तो भेटला. पिकल्या मिशांचा ट्रेलरवाला. ट्रेलरवर आठ कोऱ्या गाड्या, आणि अवजड वाहनांची बंदी उठेपर्यंत खोळंबा.

"मी इथल्या महाळुंग्याचाच," आम्ही कुठे निघालोय ते ऐकून तो म्हणाला. "देशभर गाड्या पोचवल्या, पन हे घर काय बघाया मिळालं न्हाई. ट्रेलर गल्लीत कसा घालू? मला नेता का, राव?"

आठ गाड्यांचा धनी आमच्या जुन्या गाडीत जागा मागत होता. ट्रेलर जोडीदारावर सोपवून तो आला. बसण्याआधी त्याने दाराबाहेर चपला काढल्या आणि सीटला पाठ न टेकता, गुडघे जुळवून बसला. दुसऱ्यांच्या कोऱ्या गाड्या चढवून-उतरवून अंगी मुरलेली सवय.

खेडला उतरताना कळलं, चपला चाकणलाच राहिल्या. मीच ओशाळलो. तो मात्र तापल्या फरशीवरून शांतपणे चालत गेला.

उंबऱ्याशी आम्ही वाकून बुटांच्या नाड्या सोडत होतो.

"या सावकाश," तो आतून म्हणाला. "मी चाकनलाच काढून आलोय."