पैंजणाचा तिसरा वाटा

तीन घरांनी मिळून एक पैंजण केलं, तर पैंजणं किती झाली?

चष्मा कपाळावर सरकवून ते कुणालाही हा प्रश्न विचारायचे. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात ते सहायक होते, रोज हुपरीहून एसटीने येत. त्यांच्या गल्लीत एका घरी चांदीची तार ओढत, दुसऱ्या घरी कड्या जोडत, तिसऱ्या घरी उजळत. समोरचा अडखळला की म्हणत, "पावणं, एकच की! तीन घरचं हात लागलं म्हणून तीन हुत्यात व्हय?"

राज्यातल्या शोधनिबंधांत कोणत्या जिल्ह्याचा किती वाटा, हा कॉलेजच्या अहवालातला तक्ता त्यांचा. मी कंत्राटावर, टाइप करायला. कोल्हापूर, पुणे आणि नागपूरच्या तिघांनी मिळून निबंध लिहिला असेल, तर ते प्रत्येक जिल्ह्याला तिसरा हिस्सा देत. लेखकांचे पत्ते ओठ हलवत वाचत. एकदा सोळा लेखकांत शिरोली एमआयडीसीतला एक इंजिनिअर सापडला. "सोळावा तर सोळावा, पण आपला हाय!" म्हणून मला चहा पाजला.

त्या वर्षी आपल्या कोल्हापूरचा वाटा फारच बारीक निघाला. प्राचार्य साहेब म्हणाले, "आपल्या जिल्ह्याचं नाव असलेला प्रत्येक निबंध अख्खा धरा."

"मग तक्त्याची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाईल की, साहेब," ते म्हणाले.

"बेरीज करतंय कोण?"

साहेब गेल्यावर ते माझ्या टेबलाशी आले. "पोरी, सांगतील तसं टाइप कर. तुझी नोकरी हाय. तक्त्याखालचं माझं नाव तेवढं काढ."

साहेबांनी नाव ठेवायला सांगितलं. त्या नावावर लोकांचा विश्वास होता. मी ठेवलं. शिवाजी पेठेत दारोदार 'कष्टकऱ्याचं नाव चोरू नका' अशी पत्रकं वाटणारी मी, एका शब्दानेही भांडले नाही.

अहवाल छापून आला. त्यांनी तक्ता उघडला, आपल्या नावावर बोट ठेवलं. चष्मा कपाळावर गेला नाही. "टाइप झ्याक केलंयस," एवढंच म्हणाले.

पुढच्याच महिन्यात ते निवृत्त झाले. हुपरीची एसटी रोज समोरून जाते. तिच्यात चढायला माझा पाय अजून उचलत नाही.

तो अहवाल गावात पुष्कळ घरी गेला आहे. तुमच्याकडे असेल तर शेवटचा तक्ता काढा. बाकी जिल्ह्यांचे आकडे त्यांनी काढलेलेच, खरे आहेत. आपला तेवढा फुगवलेला. पेन्सिल घ्या, बेरीज करा, आणि मग खालचं नाव खोडा.