नाशिक ते बडोदा: कापडाआडचं विमान बघायला

आमच्या अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शहात्तराव्या वर्षी बँकेतली ठेव मोडायचं ठरवलं. कशासाठी, तर बडोद्यातल्या एका अनोळखी गृहस्थाला वायुदलाचं जुनं विमान पुन्हा उडवायचं आहे म्हणून. जळगावच्या त्यांच्या जुन्या सोबत्यानं एका पत्राची झेरॉक्स पाठवली होती. टायगर मॉथ, दोन मजली पंखांचं शिकाऊ विमान, भंगारातून वाचवलेलं. पंख तयार आहेत, इंजिनासाठी मदत हवी आहे. पंखातल्या लाकडी बरगड्या देणगीदारांनी दिलेल्या, प्रत्येक बरगडीवर देणाऱ्याचं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं. खाली सही, दिलीप शिर्के, रावपुरा.

"नाव लिहिलंय आणि वरून कापड चढवलंय," मी म्हणाले. "म्हणजे लिहिलंय की नाही ते कुणालाच दिसणार नाही."

"पंख असाच असतो," अप्पा म्हणाले.

मी विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासते. पत्रा ठोकून वर रंग मारलेला मला लांबून कळतो. लोक रडतात, शपथा घेतात, आणि बॉनेट उघडलं की आत दुसऱ्याच गाडीचे भाग निघतात. वीस वर्षं हे केल्यावर माणूस पत्रावर विश्वास ठेवत नाही. अप्पा वायुदलात रिगर होते. पंख, कापड, ताणाच्या तारा ही त्यांची कामं. त्या दिवसांबद्दल ते घरात फारसं बोलत नसत, पण पत्र आल्यापासून रोज बोलायला लागले होते, आणि मला भीती त्याचीच वाटत होती. म्हटलं, पैसे द्यायचे तर द्या, पण आधी मी बघणार.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी सहाला आमच्या छोट्या गाडीनं निघालो. दिंडोरी, वणी, मग सापुतारा. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, घाटात ट्रक फार आहेत आणि सापुताऱ्यात शिरताना गाडीची पावती फाडावी लागते. हद्द ओलांडली की रोमिंगचा मेसेज येतो आणि पाट्यांवरच्या अक्षरांची डोक्यावरची रेघ नाहीशी होते. वघईला बांबूच्या वस्तूंची दुकानं आहेत. तिथं चहा घेतला आणि नागलीची बिस्किटं घेतली, वीस रुपयांचा पुडा. उनाईवरून बारडोलीपर्यंत रस्ता अरुंद पण सावलीचा, दोन्ही बाजूंना ऊस. बारडोलीचा पात्रा खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. आपल्या अळूवडीचाच भाऊ, पण गोडसर आणि मऊ.

पुढं मोठा हायवे लागला आणि गाडी पळायला लागली, ती भरूचपर्यंत. नर्मदेच्या पुलावर पावणेदोन तास अडकलो. ट्रकांच्या रांगेतून खारे शेंगदाणे विकणारे फिरत होते. अप्पा एकेक शेंगदाणा सोलत म्हणाले, "मंगल, तू त्याच्याशी नीट बोल हं."

"नीटच बोलते मी."

"तू लोकांशी गाडी चोरल्यासारखं बोलतेस."

चार वाजता बडोद्यात पोचलो. स्टेशनजवळ सहाशे रुपयांत बरी खोली मिळाली, गरम पाणी सकाळी सातपर्यंतच. मी लगेच शिर्क्यांना फोन लावला, म्हटलं आत्ताच येतो शेडवर.

"आज नको बेन," पलीकडून आवाज आला. "आज थकले असाल ने. उद्या या, दहाला. एकदम शांतीनं बघा."

मला ते खटकलं. दावा खोटा असला की माणूस नेहमी उद्या बोलावतो.

शनिवारी सकाळी सेव-उसळ खाल्ली. ती आपली मिसळ आहे असं समजून खाऊ नका. रस्सा वेगळा, सोबत पाव आणि तिखट चटणी वेगळी वाटीत. मग मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गेलो. पत्र्याच्या शेडबाहेर एक उंच, सडसडीत माणूस उभा होता. साठीचा, इस्त्रीचा शर्ट, पायात मात्र झिजलेली चप्पल. हेच शिर्के. आजोबा संस्थानच्या पलटणीत होते, हे स्वतः शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले.

"आले ने? रस्ता सापडला ने?" म्हणत त्यांनी अप्पांचे दोन्ही हात धरले.

विमानाचा सांगाडा दोरखंडानं जमिनीला बांधलेला होता, नाकाशी इंजिन आणि लाकडी पंखा. चार पंख वेगळे काढून लाकडी घोड्यांवर ठेवले होते. तीन पंख उघडेच होते, जुन्या लाकडाचे. चौथ्यावर मात्र कापड चढवून चंदेरी रंग दिलेला.

"पत्रात सगळे पंख तयार लिहिलंय," मी म्हणाले.

"हा एक पूर्ण झालाय. बाकीचे होतायत."

"नावं याच पंखात आहेत?"

"हो, सगळी यातच."

म्हणजे जे बघायचं तेच नेमकं झाकलेलं. मी फोटो काढायला कॅमेरा वर केला तर शिर्के म्हणाले, "याचे उद्या काढा ने. उद्या इंजिन चालू करायचंय, सगळे देणगीदार येणार आहेत." त्यांनी रुमालानं मान पुसली. शेडमध्ये एवढं गरम होत नव्हतं. मी मनात म्हटलं, उद्या आवाज होईल, धूर निघेल, लोक टाळ्या वाजवतील आणि आत काय आहे ते विचारायचं विसरून जातील.

अप्पा झाकलेल्या पंखाभोवती फिरत होते. पंखाच्या पोटाला पाहणीसाठी एक छोटं गोल झाकण असतं. ते त्यांनी नखानं उघडलं, आत दोन बोटं घातली आणि डोळे मिटून चाचपत राहिले. मग बोटाच्या पेरानं बरगड्यांवर एकेक टकटक केली. पहिली, दुसरी, तिसरी. मला सगळे आवाज सारखेच वाटले.

"चिकटवायला काय वापरलंत?" त्यांनी विचारलं.

"सुताराला विचारून आणलं. मांडवीच्या बाजारातून. चांगल्या कंपनीचं."

"फर्निचरचा पांढरा गोंद?"

शिर्क्यांनी मान डोलावली.

"तो उन्हात सरकतो हो," अप्पा हळूच म्हणाले. "खुर्चीला चालतो. याला चालत नाही. दोन सांधे आत्ताच सुटलेत. हे वर गेलं तर आत बसलेला माणूस खाली जिवंत येणार नाही."

मी शिर्क्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण माझं कामच ते आहे. त्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हणाले.

"नाही... म्हणजे, शंका होती बेन." ते एका लाकडी घोडीच्या कडेला टेकले. "दोन महिन्यांपूर्वी पंख उचलताना आतून आवाज आला. तोपर्यंत चाळीस नावं आत गेली होती. कापड झालं होतं, रंग झाला होता. कुणाला विचारणार? हे काम केलेला माणूस इथं उरलाच नाही."

"म्हणून इंजिनासाठी आणखी मागितलेत?"

मी अप्पांना म्हटलं, चला, आपलं काम झालं. पण शिर्के म्हणाले, संध्याकाळी घरी चहाला या, नाही म्हणू नका, आणि अप्पा हो म्हणून मोकळे झाले.

रावपुऱ्यातलं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली स्कूटरच्या भागांचं दुकान. त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी लीलो चिवडो आणि पेढे पुढं ठेवले. लीलो चिवडो म्हणजे बटाट्याचा ओलसर, आंबटगोड चिवडा. घरी नेण्यासारखा आहे, पण तीन दिवसांत संपवा. बोलणं विमानावर येईना. बडोद्यातलं मराठी आता कोण बोलतं, मुलं गुजरातीच बोलतात, अशा गप्पा चालल्या. शेवटी मालतीबाईंनीच विषय काढला.

"दोन महिने हे ताटावर बसतात आणि उठतात," त्या अप्पांना म्हणाल्या. "विचारलं तर सांगत नाहीत. आज तुम्ही आलात आणि पहिल्यांदा बोलले. मी म्हटलं, उद्या सगळ्यांना सांगून टाका. तर म्हणतात, तीन पिढ्या या गल्लीत राहिलो, तोंड कसं दाखवू."

"अगं, पाहुण्यांपुढे..." शिर्के म्हणाले.

"पाहुण्यांनीच ओळखलंय ना सगळं?"

खाली उतरताना मी अप्पांना म्हटलं, "तो उद्या सांगणार नाही. इंजिन चालू करेल, पेढे वाटेल आणि मोकळा होईल." अप्पा म्हणाले, "बघू." मी त्यांना सांगितलं की परतीला सोमवारी सकाळी लवकर निघायचं तर आत्ताच पेट्रोल भरून घेऊ. त्यांनी ऐकलंच नाही.

रविवारी शेडमध्ये पन्नास-साठ माणसं होती. जुने वायुदलवाले, रावपुऱ्यातली मराठी मंडळी, कारखान्यातले सहकारी, बरेच गुजराती व्यापारी. मी मुद्दाम दाराशी उभी राहिले. शिर्के पुढं आले. त्यांनी भाषण केलं नाही. खिशातून कापड कापायचं पातं काढलं आणि त्या चंदेरी पंखावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चीर दिली. कापड ताणलेलं होतं, ते मोठा आवाज करत उलगडलं.

"यात माझी चूक आहे," ते आधी गुजरातीत आणि मग मराठीत म्हणाले. "चुकीचा गोंद लावला. मला दोन महिन्यांपासून शंका होती आणि मी बोललो नाही. हा पंख उडणार नाही. ज्यांना पैसे परत हवेत त्यांना देईन. वेळ लागेल, पण देईन."

मग एकच गलका झाला. एक गृहस्थ ओरडले की ही सरळ सरळ फसवणूक आहे, आणि खरं सांगते, मीही तेच ओरडले असते. दहा-बारा जण तिथूनच निघून गेले. शिर्के मान खाली घालून उभे होते. मालतीबाई वहीत परत मागणाऱ्यांची नावं लिहून घेत होत्या. त्यांनी एकही नाव चुकवलं नाही.

या गडबडीत पांढऱ्या साडीतल्या एक वृद्ध बाई पंखाजवळ आल्या. कोकिळाबेन. त्यांचे यजमान शिर्क्यांच्याच कारखान्यात होते, गेल्या वर्षी वारले. "मारा एमनुं नाम क्यां छे?" त्यांनी विचारलं. आमच्या यांचं नाव कुठं आहे. अप्पांना गुजराती येत नाही, पण हे कळायला यायची गरज नव्हती. ते वाकून एकेक बरगडी वाचत गेले. सतराव्या बरगडीवर नाव सापडलं, पेन्सिलीचं, वळणदार. अप्पांनी बरगडीला नुसता हात लावला आणि ती सांध्यातून सुटून त्यांच्या हातात आली.

कोकिळाबेननी नावावरून बोट फिरवलं. मग अप्पांना विचारलं, "तमे बनावशो?"

"हाँ," अप्पा त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "मैं बनाऊँगा."

मी दारातून तरातरा आत आले. "अप्पा, काय बोलताय? आपण उद्या निघतोय."

"तू निघ," ते म्हणाले. "तीन महिन्यांचं काम आहे."

इंजिनही मग चालू केलं, उरलेल्या लोकांसाठी. चौथ्या प्रयत्नाला लागलं, दोन मिनिटं धडधडलं आणि बंद पडलं, खाली तेलाचं थारोळं. अप्पांनी तिकडं पाहिलंही नाही. ते सुटलेल्या बरगड्या एका बाजूला रचत होते.

सोमवारी निघण्याआधी मी शिर्क्यांना एकटं गाठलं. सरळ विचारलं, "तुम्ही हे आधीच ठरवलं होतं का? म्हातारा येईल, हळवा होईल, थांबेल?"

"बेन, पत्रात इंजिनाचे पैसे मागितले कारण पंखाचं मागायची हिंमत नव्हती. काकांच्या ठेवीला हात लावू नका. मला त्यांचे हात पाहिजेत."

गाडी चालवताना मी हे वाक्य उलटसुलट करून पाहिलं. लबाड माणूसही नेमकं हेच म्हणाला असता. भरूचचा पूल त्या दिवशी वीस मिनिटांत पार झाला. शेजारची सीट रिकामी होती आणि सापुताऱ्याच्या घाटात मला दोनदा वाटलं, गाडी वळवावी आणि त्यांना उचलून आणावं. वळवली नाही.

अप्पा मेच्या अखेरीस परतले, बडोद्याच्या उन्हानं काळवंडलेले, बोटांना गोंदाचे पिवळे डाग. चाळीस बरगड्या नव्यानं केल्या म्हणाले, दोन सुतार तयार केले. लाकूड आणि योग्य गोंद यासाठी ठेवीतला थोडा भाग त्यांनी दिलाच, थेट वखारवाल्याला, आणि पावती माझ्यासमोर ठेवली. मी विचारलं, उडेल का? म्हणाले, "परवानगी मिळेल की नाही मला माहीत नाही. पण पंखावर आता माझा भरवसा आहे."

लोक मला विचारतात, शेवटी फसवणूकच ना ती? मला अजून सांगता येत नाही. पैसे परत मागितलेल्यांपैकी काहींना मिळालेत, काहींना अजून नाहीत. विमान जमिनीवरच आहे. मी गेले होते अप्पांना वाचवायला, आणि मीच त्यांना एका संशयिताच्या घरी तीन महिने ठेवून आले. माझ्या कामात असं वागणाऱ्याला घरी बसवतात.

गेल्या आठवड्यात शिर्क्यांचा फोन आला. इंजिनाचं तेल थांबत नाही, कुणी जाणकार माहीत आहे का. मी दोन दिवस काही केलं नाही. मग ओझरला राहणाऱ्या, विमानांच्या इंजिनांत आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त मिस्त्रींना फोन लावला.

"माणूस कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"जाऊन बघा," मी म्हणाले. "आधी सगळं उघडून दाखवायला सांगा. तो दाखवेल."