खारं पाणी तपासणारे काका

इंग्लंडमधल्या श्रूजबरीतल्या पाळीव माशांच्या दुकानात काम करणारे काका मूळचे नागपूरचे. ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे फारसं बघायचे नाहीत, त्याने बाटलीत आणलेल्या पाण्याकडे बघायचे. मी नुकतेच घरी समुद्री मासे ठेवले होते आणि खारेपणा मोजायला काटा असलेली प्लास्टिकची डबी वापरत होतो.

"काट्याला बुडबुडा चिकटला की ही डबी खोटं बोलते," ते म्हणाले. "रिफ्रॅक्टोमीटर घ्या. काचेवर थेंब टाका, डोळ्याला लावा, आकडा दिसते."

ते कितीतरी महाग होतं. माल खपवताहेत, असं वाटून मी ते टाळलं. मग ते माझं पाणी फुकट तपासून देऊ लागले, त्याचाही मला संशयच यायचा.

एकदा त्यांनी मीठ वाढवायला सांगितलं. पुढच्या तपासणीनंतर पुन्हा तेच सांगितलं. मी दोन्ही वेळा वाढवलं आणि माझे दोन्ही मासे मेले. मी तडक दुकानात गेलो.

"काका, तुमचं ऐकून मेले."

त्यांनी वाद घातला नाही. खारेपणा नेमका ठाऊक असलेलं तपासणीचं पाणी त्यांनी स्वतःच्या मीटरवर टाकून पाहिलं.

"माझंच मीटर खारेपणा कमी दाखवते," ते हळूच म्हणाले.

मग पाणी तपासून नेलेल्या प्रत्येकाला त्यांनी माझ्यासमोर फोन केला. "मी चूक सांगितलं. मीठ टाकू नका." मालक शेजारी धुमसत उभा होता, तरी ते थांबले नाहीत.

शेवटी मला म्हणाले, "मीटर दुसऱ्या दुकानातून घ्या."

मी त्यांच्याकडूनच घेतलं.