त्याच्या वाटची जिलेबी

पंधरा ऑगस्टला जिलेबी खायची, हे आम्हा कोल्हापूरकरांना कुणी शिकवावं लागत नाही. झेंडावंदन उरकलं की चौकाचौकात कढया चढतात आणि अर्धं गाव रांगेत उभं राहतं. बाहेरच्यांना हसू येतं. येऊ दे.

आमच्या पेठेतली कढई तालमीपुढं लागायची आणि रांगेत पहिला नंबर माझ्या भावाचा असायचा. तिथून अर्धा किलोचा पुडा घेऊन निघायचा, घरी जेमतेम पाव किलो पोचायची. फौजेत गेल्यावर रजा मिळाली नाही तर पत्रातून मला दम द्यायचा, 'माझ्या वाटची तू खा, आणि वाटेतच खा.' पत्र आई माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायची आणि या वाक्याला दरवेळी हसायची.

कारगिलच्या उन्हाळ्यात तो गेला. तिरंग्यात आला तेव्हा रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. घोषणांनी कान किटले. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. मला त्या प्रत्येक घोषणेचा राग येत होता. ओरडणारे सगळे संध्याकाळी आपापल्या घरी जाऊन जेवणार, एवढंच मला दिसत होतं.

ऑगस्टच्या तेरा तारखेला तालमीचे वस्ताद घरी आले आणि उंबऱ्याशीच टेकले.

"वैनी, यंदा कढई लावायची न्हाय असं ठरलंय. तुमच्या घरात एवढं झालं. आमच्या घशाखाली काय उतरणार?"

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? एक वर्ष सगळ्यांची तोंडं कडू राहू देत, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. दिवसकार्यासाठी राधानगरीहून आलेली आत्या अजून आमच्याकडेच होती. ती लगेच म्हणाली, "बरोबर हाय. वरीस सरंस्तवर ह्या घराला सण न्हाय की तळण न्हाय."

आई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला सारलं.

"वस्ताद, माझ्या पोरानं जिलेबी बंद पाडायला जीव दिला व्हय?"

ती उठून वस्तादांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"तो तिकडं गेलता कशाला? हितं तुमी निवांत रांगेत उभं ऱ्हावं म्हणूनच की! आता तुमीच कढई पालथी घालताय. मग तो गेला कशापायी, सांगा मला."

"लोक काय म्हंतील, वैनी?" आत्या पुटपुटली.

"वन्सं, तुमी गप ऱ्हावा. आणि वस्ताद, पीठ आज भिजवलं न्हाय तर परवा जिलेबी व्हायची न्हाय. उठा."

महिन्याभरात आई एवढं बोलली नव्हती. वडिलांनी तर त्या दिवसांत बोलणंच टाकलं होतं. तेही भिंतीकडचं तोंड वळवून तिच्याकडे बघायला लागले. वस्ताद गेल्यावर मी तिच्यावर उखडले. म्हटलं, मी खाणार नाही. ती म्हणाली, "नको खाऊ. रांगेत चल."

पंधराला पावसाची भुरभुर होती. कढईवर ताडपत्री बांधली होती. राष्ट्रगीत झालं आणि वस्तादांनी आईसाठी पुढं खुर्ची मांडली. ती गेली नाही. "मी रांगेत हाय," म्हणाली आणि अगदी शेवटी जाऊन उभी राहिली. पुढची माणसं बाजूला सरकायला लागली तर तिनं एकेकाला जागेवर उभं केलं.

नंबर आल्यावर तिनं नेहमीसारखा अर्धा किलोच मागितला. पुडा सोडला आणि भर रस्त्यात एक जिलेबी तोंडात घातली. मुलगा जाऊन दोन महिनेही न झालेली बाई, आणि मनगटावरून पाक ओघळतोय. सगळी पेठ हातात पुडे धरून तशीच उभी. खायचा धीर कुणालाच होईना.

"बघताय काय? खावा की, गार व्हायलीया!"

मग माणसं खायला लागली. वस्ताद खाताना चक्क रडत होते. आईनं पुड्यातली एक माझ्यापुढं धरली.

"ही त्याच्या वाटची. वाटेतच खायची, ठावं हाय न्हवं?"

मी खाल्ली. रडू येत होतं, घास फिरत होता, तरी शेवटच्या वेढ्यापर्यंत खाल्ली.

पुढं मी शाळेत शिक्षिका झाले. दर पंधरा ऑगस्टला एखादा सुतकी चेहऱ्याचा माणूस भेटतोच. "तिकडं जवान मरतायत आणि तुम्हाला जिलेबी सुचते?"

"सुचते," मी त्याच्यासमोर पुडा सोडते. "मला एका जवानानंच सांगितलंय."